हो, गुलाबी चालतं

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं आमच्या मंडळाच्या संपादक मुलीने सांगितलं, तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. या अंकात दरवर्षी संशोधक लिहितात, मोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर लिहितात. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. तुमचं काम नेमकं काय होतं ते आम्हाला कुणालाच नीट माहीत नाही."

हे खरं आहे. सुनंदा, माझी पत्नी, माझी ओळख करून देताना "हे वॉटर सिस्टिम्समध्ये आहेत" असं सांगायची. लोक आदराने मान डोलवायचे आणि मला धरणांबद्दल प्रश्न विचारायचे.

मी कॅम्परच्या पाण्याच्या टाक्या धुवायचो. तेरा वर्षं.

भारतात मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. सुनंदाला जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि मी तिच्या मागून आलो. इथे ग्रंथपालांची गरज नव्हती, मराठी ग्रंथपालाची तर नव्हतीच. दीड वर्ष घरी बसल्यावर झिंडेलफिंगेनच्या वाटेवरच्या एका वर्कश्टाटमध्ये, म्हणजे गॅरेजमध्ये, मदतनीस हवाय अशी पाटी दिसली. तिथे वोनमोबिल किंवा कॅम्पर, म्हणजे आत स्वयंपाकघर, पलंग आणि संडास असलेल्या गाड्या, दुरुस्त करत. मालक योर्ग हा जुना मायस्टर, म्हणजे परीक्षा दिलेला कसबी कारागीर. त्याने माझ्या हातात एका पंपाची माहितीपुस्तिका दिली आणि अर्ध्या तासाने परत आला. मी तोवर शेवटच्या पानावरच्या वॉरंटीच्या अटींपर्यंत पोचलो होतो. पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारा माणूस त्याला आयुष्यात भेटला नव्हता. त्याने मला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. पुढे तेरा वर्षांत त्याने माझं कौतुक असं कधी केलं नाही. पण तो इथल्या श्वाबेन भागातला, श्वाबी माणूस. त्यांच्यात शिव्या दिल्या नाहीत म्हणजे भरपूर कौतुक झालं.

काम सांगतो. कॅम्परमध्ये साधारण शंभर लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी असते. तिच्यातून पंप, पातळ नळ्या, एक छोटा बॉयलर, स्वयंपाकघराचा नळ, न्हाणीचा नळ. हिवाळ्यात गाडी उभी राहते आणि नळ्यांतलं पाणी गोठून फुगतं. मग नळ्या फुटतात. यावर दोन उपाय आहेत. जर्मन माणूस सगळं पाणी काढून टाकतो, नळ उघडे ठेवतो आणि गाडीला कुलूप लावून निश्चिंत होतो. अमेरिकन माणसाला रिकाम्या नळ्यांचा भरवसा वाटत नाही. तो त्यांच्यात न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवतो. आमच्या भागात अमेरिकन लष्करातली कुटुंबं बरीच, त्यामुळे दर वसंतात पाच-सात गुलाबी गाड्या माझ्या वाट्याला यायच्या. ते गुलाबी रसायन पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीच बनवलेलं असतं, चुकून घोटभर पोटात गेलं तरी फारसं बिघडत नाही. तरी ते धुऊन काढावं लागतं.

धुण्यात कौशल्य नाही, चिकाटी आहे. टाकी रिकामी करायची, ताजं पाणी भरायचं, एकेक नळ उघडायचा. थंड बाजू, मग गरम बाजू. फेस आणि रंग जाईपर्यंत सोडायचं. लोक दोन गोष्टी हमखास विसरतात: गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेला शॉवर आणि संडासाच्या फ्लशची नळी. सगळं स्वच्छ झालं म्हणून ते चहा टाकतात आणि आठवड्याने बाहेर पाय धुताना गुलाबी पाणी येतं. त्यानंतर जंतुनाशक. ते मोजून पाण्यात मिसळायचं, प्रत्येक नळाला त्याचा वास येईपर्यंत खेळवायचं, सांगितलेला वेळ तसंच ठेवायचं, आणि मग वास जाईपर्यंत पुन्हा धुवायचं. थोडक्यात, आधी वास येईपर्यंत आणि नंतर जाईपर्यंत. मधल्या वेळात मी पुस्तक वाचायचो. इतकी वाचायला वेळ देणारी नोकरी मला ग्रंथालयातही मिळाली नव्हती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हांची. एक निवृत्त शाळामास्तरीण स्वतःचा टॉर्च घेऊन यायच्या, टाकीच्या झाकणातून डोकं आत घालायच्या आणि कोपऱ्याला बोट दाखवून मला 'तिथे' म्हणायच्या. तिथे काही नसायचं. मी तरी घासायचो. एका शेतकरी गृहस्थाने तर नॉर्वेच्या सहलीसाठी पाण्याच्या टाकीत साठ लिटर मोस्ट भरलं होतं. मोस्ट म्हणजे इकडची सफरचंदाची घरगुती दारू. त्याचा हिशेब सरळ होता: नॉर्वेत दारू महाग आणि पाणी काय सगळीकडे मिळतं. वाटेत मोस्ट पुन्हा आंबू लागलं, टाकी फुगली, आणि त्याच्या पत्नीने शॉवर सोडला तेव्हा तिच्या डोक्यावर जे पडलं ते पाणी नव्हतं. ती डेन्मार्कहून आगगाडीने परत आली. तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. चार वेळा धुऊनही त्या गाडीला सफरचंदाचा वास येत राहिला. त्याला मात्र ती तक्रार वाटत नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आपल्या माणसांची एक पद्धत आहे. जर्मन माणूस वर्कश्टाटमध्ये टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतो, तीन आठवडे थांबतो, लेखी उत्तर मागतो. आपला माणूस काकांना फोन करतो. मला हे आवडायचं, हे आधीच कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात सुनंदा इस्पितळात होती. मी तिच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसलो होतो, आणि निखिलचा फोन आला. निखिल हा नागपूरचा मुलगा. आखनला डॉक्टरेट करून आमच्याकडे बॉबलिंगेनला नोकरीला लागलेला. बायको प्रज्ञा, तिचे दिवस भरत आलेले. त्यांनी जुना कॅम्पर विकत घेतला होता. "जय भीम काका," तो म्हणाला, "एक मिनिट आहे का? पाण्याच्या नळ्यांत अँटिफ्रीझ टाकून ठेवू म्हणतो. एका अमेरिकन व्हिडिओत पाहिलंय. गुलाबी असतं ना, ते चालतं?"

मी म्हणालो, "हो, गुलाबी चालतं."

फोन तेवढाच. पाऊण मिनिटही झालं नसेल. सुनंदा त्यानंतर अकरा दिवसांनी गेली.

पुढच्या वसंतात मी कामावर परतलो होतो. माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलत, योर्गने तर मला कॉफीसुद्धा स्वतः आणून दिली, त्यामुळे माझं दुःख त्याला किती भीतीदायक वाटत असावं हे लक्षात आलं. मे महिन्यात एका सकाळी निखिल गाडी घेऊन आला. बरोबर नेहमीची घाई आणि थोडं हसू. त्याचं काम वेगळंच होतं. त्याला गाडी धुऊन नको होती, ती त्याने स्वतःच धुतली होती. त्याला कागद हवा होता. त्याच्या सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या, आणि गाडीचं पाणी चांगलं आहे हे त्यांना पटत नव्हतं.

झालं असं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ते सगळे दोन दिवसांसाठी बोडनझे तळ्याच्या काठी एका कॅम्पिंगला गेले. बाळ, तिचं नाव मैत्री, तेव्हा नुकतं वरचं खायला लागलं होतं. आजींनी तिच्यासाठी पेज करायला गाडीच्या नळाचं पाणी घेतलं आणि चुलीवर ठेवण्याआधी चाखलं. बाळाच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू आधी आपल्या जिभेवर, हा त्यांचा नियम. त्यांनी ते थुंकलं, भांडं बाहेर गवतात रिकामं केलं आणि जाहीर केलं की हे पाणी कुणी प्यायचं नाही. निखिलला दोन्ही दिवस अर्धा किलोमीटर चालून बाटल्या आणाव्या लागल्या.

"म्हणतात, गोड लागतं," निखिल म्हणाला. "काका, मी त्यांना सांगितलं, इथे पाण्याचे कायदे किती कडक आहेत ते. तर मला म्हणाल्या, पाण्याचं आम्हाला कुणी शिकवू नये जावईबापू, आमच्या आज्यांनी ते लांबून वाढलेलं प्यायलंय. आता यावर मी काय बोलणार? तुम्ही तपासून एक कागद द्या, म्हणजे घरात शांतता होईल."

मीही हसलो. हे लिहावंसं वाटत नाही, पण मी हसलो होतो.

'गोड' हा शब्द माझ्या डोक्यात पोचायला थोडा वेळ लागला. तोवर मी बेसिनखालची जाळी उघडली होती. तिच्या कडेला गुलाबी-जांभळा कोरडा थर होता. अमेरिकन गुलाबी असं वाळत नाही. मी निखिलला विचारलं की डबा शिल्लक आहे का. तो गाडीच्या मागच्या कप्प्यातून कॅन घेऊन आला. मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारं कूलंट. तेही गुलाबी असतं. मागच्या बाजूला लाल चौकटीत छातीत चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र होतं, म्हणजे जिवाला धोका असल्याची खूण. ते इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. लहान मुलाचा जीव जायला थोडंसंही पुरतं.

निखिल काय काम करतो हे मी अजून सांगितलं नाही. तो मोटारींच्या कूलिंगमध्ये काम करतो. त्याची डॉक्टरेट त्यातलीच आहे. या द्रवाबद्दल त्याला जे माहीत आहे ते मला सात जन्मांत कळणार नाही.

"हे विष आहे, तुला माहीत होतं ना?" मी विचारलं.

"हो काका."

"मग?"

"मला आधी वाटलं होतं तसं. पण तुम्ही म्हणालात, गुलाबी चालतं. तुम्ही म्हणजे या विषयातले... मी म्हटलं, नळ्यांना वेगळा नियम असेल."

त्या क्षणी मला ते पाऊण मिनिट आठवलं. तोपर्यंत आठवलं नव्हतं.

मी प्रज्ञाला फोन लावला. सहलीच्या दिवसापासून गाडीच्या नळाचं पाणी कुणाच्या पोटात गेलं का, हे तिला एकेक करून विचारलं: बाळाच्या बाटल्या कशात धुतल्या, दात कशाने घासले, चहा कशाचा केला. ती घाबरली. मग मागून आजींचा आवाज आला, काय विचारून राहिले ते. प्रज्ञाने विचारून सांगितलं की एक थेंबही नाही, आई पहारा देऊन बसली होती. विषबाधेच्या मदतकेंद्रावर फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि तरी मुलीला डॉक्टरांना दाखवून या असं सांगितलं. ते त्याच दुपारी दाखवून आले. मुलगी ठणठणीत होती. तिला कुणी वाचवलं होतं हे उघड होतं, आणि कुणी धोक्यात घातलं होतं हेही.

पण नंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. ते कुणालाच उघड वाटेना.

योर्गने वहीत नोंद करायला घेतली. त्याच्या मते प्रश्नच नव्हता: कॅनवर चित्र आहे, गिऱ्हाईक इंजिनिअर आहे, चूक गिऱ्हाइकाची. मी फोनबद्दल सांगितलं. तो म्हणाला, आल्झो, म्हणजे असं बघ, तो तुझा खाजगी फोन, आणि तेव्हा तुझी बायको मरत होती, हे काय लिहायचं. निखिलही तेच म्हणाला, मराठीत. "काका, तुमच्यावर तेव्हा काय प्रसंग होता. मीच चुकीच्या वेळी फोन केला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दोघंही चांगली माणसं. दोघांनी मिळून, मला वाचवण्यासाठी, सुनंदाचं मरण फडक्यासारखं पुढे केलं आणि माझी चूक त्याने पुसायला घेतली. आणि मला ते घेता येईना. मी निखिलला म्हणालो, "त्या दुपारी सुनंदा झोपली होती. मी रिकामा बसलो होतो. मला कसलीही घाई नव्हती."

त्याला ते समजलं नाही, म्हणून इथे नीट लिहितो. त्या दिवसांत मला जे जे विचारलं जायचं त्यातल्या कशाचंही उत्तर मला येत नव्हतं. डॉक्टर विचारायचे, पुढची केमो द्यायची का. सुनंदा विचारायची, घरी कधी जायचं. निखिलने जे विचारलं ते मला येत होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. कोणतं गुलाबी, डब्यावर काय लिहिलंय, कुठून घेतलंस, हे तीन प्रश्न मी अगदी नवख्यालासुद्धा विचारायचो. त्याला विचारले नाहीत, कारण उत्तर देऊन टाकण्यात सुख होतं. माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाने तेवढं एक सुख घेतलं. यात सुनंदाचा काही दोष नाही, तिच्या आजाराचाही नाही.

मी योर्गकडून वही घेतली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: कर्मचाऱ्याने डबा न पाहता सल्ला दिला. खाली सही केली. योर्गने वाचलं आणि त्या दिवसापासून कॉफी आणून देणं बंद केलं. मला हायसं वाटलं.

इथिलीन ग्लायकॉल पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यामुळे खूप धुतलं तर ते जातं असं रसायनशास्त्र सांगतं. मी रसायनशास्त्रावर थांबलो नाही. तीन शनिवार लावून त्या गाडीच्या सगळ्या नळ्या, पंप, नळ, बॉयलर, बाहेरचा शॉवर, संडासाची नळी, सगळं बदललं. टाकीसुद्धा. मग जंतुनाशक, मग धुणं, मग पुन्हा धुणं. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं, ग्लायकॉलचा मागमूस नाही, पाणी पिण्यायोग्य. मी तो कागद घेऊन एका रविवारी सकाळी निखिलच्या घरी गेलो. गाडी घरासमोरच उभी होती.

आजी गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर मैत्री. आमची ही पहिली भेट. नऊवारी नाही, साधी पांढऱ्या काठाची साडी आणि वरून निखिलचं जाकीट. मी "जय भीम आजी" म्हणालो आणि आधी फोनचं सांगून टाकलं, कारण निखिलने ते सांगितलं नसणार असा माझा अंदाज होता. तो बरोबर निघाला. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं की त्याही म्हणतील, प्रसंग होता. त्या म्हणाल्या, "असं काहून केलं तुम्ही?"

सुनंदा गेल्यापासूनच्या सात महिन्यांत मला कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मैत्रीने तो तोंडात घालू नये म्हणून बाजूला ठेवला. "मले हे वाचता येत नाही. तुम्हीच प्या."

मी नळ उघडला आणि पेलाभर पाणी त्यांच्यासमोर प्यायलो. पेला पालथा करून दाखवला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या.

"किती वेळ लागते कळायला?" त्यांनी विचारलं.

अर्धा तास म्हणालो असतो तर अर्ध्या तासात घरी गेलो असतो. पण या बाईंना मी आता अर्धवट उत्तर देणार नव्हतो. मी सांगितलं, की हे विष असलं तर आधी नशा आल्यासारखं होतं, ते एक-दोन तासांत दिसतं. पण खरी लक्षणं उशिरा येतात. पक्की खात्री करायची तर बारा तास धरावेत.

"मग जेवून जा," आजी म्हणाल्या.

असा मी तिथे राहिलो. प्रज्ञाने त्याच नळाच्या पाण्याने चहा केला, फक्त माझ्यापुरता. निखिल लाजून घरात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आजी समोर बसून होत्या, आणि नुसतं बघत बसणं बरं दिसत नाही म्हणून असेल, त्यांनी सुनंदाबद्दल विचारायला सुरुवात केली. आजाराबद्दल नाही. तिचं माहेर कुठलं, किती बहिणी, लग्न ठरवून की कसं, नोकरीवरून आल्यावर स्वयंपाक कोण करायचं.

"मीच," मी म्हणालो.

"जमत होता?"

"ती म्हणायची, मीठ तेवढं मी टाकते."

"डोकं दुखून राहिलं का?"

"नाही."

"बरं. मग रागवायच्या का कधी?"

रागवायची, मी सांगितलं, आणि कशावरून ते सांगितलं. मी पुस्तकं जमिनीवर थराने ठेवायचो आणि ती अंधारात त्यांना अडखळायची, ते सांगितलं. चक्कर येते का, हात दाखवा, थरथरत नाही ना, हे मध्येमध्ये चालूच होतं. जेवण झालं. दुपार झाली. इस्पितळातून आलो तेव्हापासून जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी एका बाईला सांगत होतो. मी बोलता बोलता कोसळतो का हे पाहायला ती बसली होती. तशी ती बसली नसती तर मी बोललोही नसतो.

सहा वाजता त्यांनी मला सोडलं. मला वाटलं, आता मैत्रीला पाणी देतील. त्यांनी दिलं नाही. "बारा तास म्हणाले ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर फोन करा मले."

सकाळी सातला मी फोन केला. प्रज्ञाने तो आजींकडे दिला.

"मी बोलतोय आजी," मी म्हणालो. "बरा आहे."

"झोप लागली?"

"लागली."

पलीकडे वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला, मग मैत्रीचा काहीतरी हुंकार.

"थांबा, ठेवू नका," आजी म्हणाल्या. "त्याच नळाचं पाजून राहिली तिले."

मी थांबलो.